डबा बदलला की चमचाही बदला

मंडळी, लेकरासाठी आईच्या दुधासारखे दुसरे दूध नाही. हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पहिले सहा महिने लेकराला आईचे दूधच पुरते. वरून पाणीसुद्धा लागत नाही. बाळंतिणीला पहिल्यांदा येतो तो पिवळसर चीक. तोही टाकून द्यायचा नसतो. बाळ जन्मल्यापासून तासाभरात तो त्याच्या पोटात जायला हवा.

पण सगळ्यांच्याच घरी तसे जमते असे नाही. एखाद्या घरी माय बाळंतपणात दगावते. एखादी फार आजारी असते. एखादीला असे औषध चालू असते की डॉक्टरच सांगतात, “अंगावर पाजू नका.” अशा घरी डब्याचे दूध आणावे लागते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लेकरू जगले पाहिजे, वाढले पाहिजे.

अशा घरांसाठी हा धडा आहे. एक डबा सोडून दुसरा डबा सुरू करायचा झाला, तर काय करावे? काय पाहावे? कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये? हे आज समजून घेऊ.

डबा बदलायची वेळ का येते?

आपल्या नळदुर्गचेच बघा. गाव हैदराबादच्या हमरस्त्यावर आहे. औषधाची दुकाने आहेत. तरी पाहिजे तो डबा पाहिजे त्या दिवशी मिळेलच असे नाही. दुकानदार म्हणतो, “तो संपला. हा घेऊन जा, सारखाच आहे.” कोणी सोलापूरला गेले, तर तिकडून वेगळाच डबा आणते.

दिवाळीच्या सुमाराला आपल्या भागातली किती तरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. लेकरू पाठीशी असते. इथे चालू असलेला डबा कारखान्याच्या गावी मिळत नाही. कोणाचा भाऊ, कोणाचा मेहुणा परदेशात नोकरीला असतो. तो येताना तिकडचा मोठा डबा घेऊन येतो.

कधी पैशाची ओढ असते, म्हणून स्वस्त डबा घेतात. कधी शेजारीण सांगते, “आमच्या पोराला तो डबा दिला, कसं गुटगुटीत झालं बघा.” कधी लेकरू रडते, दूध ओकते, म्हणून घरातली मंडळी डब्यालाच दोष देतात.

कारण कोणतेही असो, नवा डबा घरात आला की एक चूक फार सहज होते. ती चूक चमच्याची.

चमचा म्हणजे माप

डब्यात पावडरीबरोबर एक छोटा प्लॅस्टिकचा चमचा असतो. आपण त्याला चमचा म्हणतो. खरे तर ते माप आहे. त्या पावडरीचे माप. दुसऱ्या पावडरीचे नव्हे.

जुन्या मंडळींकडून तुम्ही एक गोष्ट ऐकली असेल. १९४८ पर्यंत नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सोलापूर इंग्रजी मुलखात होते. इकडे हाली रुपया चाले, तिकडे कलदार रुपया चाले. नाव दोन्हीचे रुपयाच. पण सात हाली रुपये दिले तेव्हा सहा कलदार मिळत. हे ज्याला ठाऊक नसे, तो बाजारात बुडे.

डब्यातल्या चमच्याचे तसेच आहे. नाव एकच, चमचा. पण एका डब्याचा चमचा लहान, दुसऱ्याचा मोठा. आपल्याकडच्या पुष्कळ डब्यांवर लिहिलेले असते की ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा. त्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर मावते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ डब्यांतला चमचा ६० मिलिलिटर पाण्यासाठी असतो. त्यात साधारण ९ ग्रॅम पावडर मावते. म्हणजे दुप्पट.

आता एक हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

समजा, घरात आधी आपल्याकडचा डबा होता. मग अमेरिकेहून डबा आला. आजीने विचार केला, “जुना चमचा हाताच्या सवयीचा आहे. तोच वापरू.” नव्या डब्यावर लिहिले आहे, ६० मिलिलिटरला एक चमचा. म्हणून आजीने १२० मिलिलिटर पाण्यात दोन चमचे घातले. पण चमचा जुना, लहान. पावडर पडायला हवी होती १८ ग्रॅम. पडली ९ ग्रॅम. दूध झाले निम्म्याने पातळ.

आता उलट करून पाहू. मोठा चमचा हाताशी राहिला आणि डबा आपल्याकडचा आला. १२० मिलिलिटरला चार चमचे, असे आजीला पाठ आहे. तिने मोठ्या चमच्याने चार चमचे घातले. पावडर पडायला हवी होती १८ ग्रॅम. पडली ३६ ग्रॅम. दूध झाले दुप्पट दाट.

आजीची माया कमी नव्हती. माप चुकले.

पातळ दुधाने काय होते, दाट दुधाने काय होते

पातळ दुधाने लेकराचे पोट भरते, पण अंग भरत नाही. ते चार घोट जास्त पिते, पुन्हा रडते. वजन वाढत नाही. हातपाय काटकुळे होतात. फारच पाणी पोटात गेले, तर रक्तातले मीठ कमी होते. मग लेकराला झटकेसुद्धा येऊ शकतात.

दाट दूधही वाईट. “जरा घट्ट दिलं म्हणजे अंगी लागंल,” असे पुष्कळ जण म्हणतात. ते खरे नाही. लहान लेकराचे मूत्रपिंड अजून कच्चे असते. दाट दुधातले क्षार बाहेर टाकायला त्याला जास्त पाणी लागते. ते मिळाले नाही, तर अंगातले पाणी कमी होते. लेकराला शी घट्ट होते. ते चिडचिड करते. फार वाढले तर जिवावर बेतते.

म्हणून माप शिगेचे नको. ज्वारी मोजताना आपण शीग लावतो. इथे शीग लावायची नाही. चमचा भरावा, आणि स्वच्छ सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करावा. पावडर दाबून भरू नये. आधी पाणी मोजून घ्यावे, मग पावडर घालावी. आधी पावडर घालून वर पाणी ओतले, तर पाणी कमी पडते आणि दूध दाट होते.

जुना डबा संपला की त्याचा चमचा त्याच दिवशी फेकून द्यावा. “चांगला आहे, असू द्या,” म्हणून फडताळात ठेवू नये. चमचा हरवला तर घरातला चहाचा चमचा चालत नाही. दुसऱ्या डब्याचाही चालत नाही. दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारून योग्य माप मिळवावे.

डबा कधी बदलू नये

लेकरू थोडे दूध ओकते, वायू धरते, संध्याकाळी रडते. एवढ्यावरून डबा बदलू नये. पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ लेकरे अशी रडतात. पुढे आपोआप कमी होते. रडू येण्याचे कारण बहुधा डब्यात नसते. ते घाईने पाजण्यात असते. पाजून झाल्यावर ढेकर न काढण्यात असते. मापात असते. पाण्यात असते. आधी हे तपासावे.

महाग डबा म्हणजे चांगला डबा, असेही नाही. लहान लेकराच्या डब्यात प्रथिने किती, स्निग्ध पदार्थ किती, लोह किती, जीवनसत्त्वे किती, हे सरकारच्या नियमाने ठरलेले आहे. प्रत्येक कारखान्याला तो नियम पाळावा लागतो. म्हणून लेकरू निरोगी असेल, तर एका चांगल्या डब्यावरून दुसऱ्या चांगल्या डब्यावर जाताना फार भिण्याचे कारण नाही. आणि शेजारणीचे ऐकून दर आठवड्याला डबा बदलण्याचेही कारण नाही.

काही आज्या विचारतात, “हा म्हशीच्या दुधाचा आहे का? म्हशीचं दूध जड असतं.” प्रश्न बरोबर आहे. १०० मिलिलिटर आईच्या दुधात प्रथिने साधारण १ ग्रॅम असतात. गाईच्या दुधात ३ ग्रॅमहून जास्त असतात. म्हशीच्या दुधात ४ ग्रॅमच्या आसपास असतात. एवढे लहान लेकराला पेलत नाही. म्हणूनच साधे गाई-म्हशीचे दूध सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला द्यायचे नसते, आणि वर्षाच्या आत ते मुख्य अन्न करायचे नसते.

पण डब्याचे दूध म्हणजे साधे वाळवलेले दूध नव्हे. त्यात कमी-जास्त करून ते लेकराला पेलेल असे केलेले असते. एके काळी जाणकार म्हणत की म्हशीच्या दुधापासून लहान मुलांची पावडर होणारच नाही. आपल्याच देशात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेने ती करून दाखवली. गुजरातेत आणंद येथील शेतकऱ्यांच्या सहकारी संघाने ती १९६० च्या सुमारास बाजारात आणली. तेव्हा दूध गाईचे की म्हशीचे यापेक्षा, डबा लहान लेकरासाठी केलेला आहे की नाही, हे महत्त्वाचे.

डबा कधी बदलावा

चालू डबा मिळत नसेल, तर बदलावा. लेकराला उपाशी ठेवू नये, आणि उरलेली पावडर पुरवून पुरवून पातळ दूधही देऊ नये.

डॉक्टरांनी सांगितले, तर बदलावा. काही लेकरांना दुधातल्या प्रथिनांची खरीच बाधा होते. अंगावर पुरळ उठते, शीमध्ये रक्त येते, दम लागतो, उलट्या थांबत नाहीत. अशा लेकरासाठी वेगळे डबे असतात. सोयाबीनचा डबा असतो, आणखीही असतात. हे डबे आपल्या मनाने आणायचे नाहीत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या लेकराचा डबाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

डब्यावर मोठा आकडा असतो. १ आकड्याचा डबा जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतचा. २ आकड्याचा डबा सहा महिन्यांनंतरचा. दुकानात १ चा नाही म्हणून २ चा आणू नये. लेकरू सहा महिन्यांचे झाले की त्याला वरचे अन्न सुरू करायचे असते. मऊ खिचडी, वरणभात, कुस्करलेले केळे. नुसत्या डब्यावर ठेवायचे नसते.

आणखी एक धोका आहे. चहात घालायची दूध पावडर वेगळी. डब्यातले घट्ट गोड दूध वेगळे. लहान मुलांच्या खिरीची पावडर वेगळी. ही दिसायला सारखी असतात, दुकानात एकाच फळीवर असतात. चहाची पावडर स्वस्त पडते. पण ती लेकराचे दूध नव्हे. ती कधीही देऊ नये.

डबा कसा बदलावा

रीत सोपी आहे.

जुना डबा अगदी संपू देऊ नका. दोन दिवसांची पावडर उरली असतानाच नवा आणा. म्हणजे घाई होत नाही.

नव्या डब्याची तारीख पाहा. मुदत संपलेला, चेपलेला, फुगलेला किंवा आतले झाकण फाटलेला डबा परत करा.

नवा डबा सकाळी सुरू करा. दिवसा लेकराकडे लक्ष राहते, आणि काही झालेच तर दवाखाना उघडा असतो.

निरोगी लेकराला एकदम नवा डबा दिला तरी चालतो. मन धजत नसेल, तर पहिल्या दिवशी एक वेळ नव्या डब्याचे द्या, बाकी जुन्या डब्याचे. मग दोन वेळा, मग तीन वेळा. असे चार-पाच दिवसांत पुरते बदला. पण दोन पावडरी एकाच वाटीत मिसळू नका. दोन मापे एकत्र आली की हिशेब चुकलाच म्हणून समजा. दोन्ही डबे चालू असतील तेव्हा प्रत्येकाचा चमचा त्याच्याच डब्यात ठेवा.

नवी चव लेकराला लगेच आवडत नाही. ते तोंड फिरवते. जबरदस्ती करू नका. थोड्या वेळाने पुन्हा द्या. दुधात साखर, मध, गूळ किंवा गुटी घालू नका. वर्षाच्या आतल्या लेकराला मध तर चाटवायचाच नाही.

पाणी आणि भांडी

बाहेरच्या दुधाने लेकरे आजारी पडतात, त्यातली पुष्कळशी पाण्याने आणि भांड्याने पडतात. नवा डबा आला आणि लेकराला हगवण लागली, की आपण म्हणतो, “डबा सोसला नाही.” खरे कारण कधी कधी माठात असते, कधी बाटलीच्या बुचात असते.

बोरी नदीच्या पाण्यावर आपला पाणीमहाल उभा आहे. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे बघायला लोक लांबून येतात. पण उन्हाळा आला की याच मुलखात टँकरची वाट बघावी लागते. टँकरचे, विहिरीचे, बोअरचे, नळाचे, कोणतेही पाणी असो, लेकराच्या दुधासाठी ते खळखळ उकळलेच पाहिजे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. बोअरचे पाणी फार खारट असेल, तर ते उकळूनही लेकराला चांगले नाही. गावच्या पाण्याची तपासणी होत असते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारा, कोणत्या ठिकाणचे पाणी पिण्याजोगे आहे. लेकराच्या दुधासाठी तेच आणा.

पावडर स्वतः जंतुमुक्त नसते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच पावडर मिसळावी. त्या उष्णतेने पावडरीतले जंतू मरतात. मग वाटी गार पाण्यात ठेवून दूध कोमट करावे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. चटका बसला नाही तरच पाजावे. डब्यावर काही वेगळे लिहिले असेल, तर आशाताईला किंवा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दर वेळी ताजे दूध करावे. केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे. लेकराने उष्टे ठेवलेले दूध पुन्हा देऊ नये. ते फेकताना जीव हळहळतो, पण फेकावे.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. वाटी घासता येते, उकळता येते. बाटलीच्या बुचात दुधाचा साका अडकून राहतो. बोंडल्याने पाजत असाल, तर त्याची चोच आतून नीट घासून उकळून घ्या. आणि पाजणाराने हात साबणाने धुतलेले असावेत.

आठवडाभर काय पाहावे

डबा बदलल्यावर लेकराची शी बदलते. रंग बदलतो, कधी हिरवट होतो. थोडी पातळ किंवा थोडी घट्ट होते. लेकरू एरवी खेळत असेल, पीत असेल, तर भिऊ नये. चार-आठ दिवसांत ते रुळते. लगेच तिसरा डबा आणू नये.

लंगोट मोजा. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले, तर दूध पुरते आहे असे समजावे. महिन्याला अंगणवाडीत वजन करा. कार्डावर ते लिहून घ्या. डबा चांगला की वाईट, हे शेजारीण सांगू शकत नाही. काटा सांगतो. बहुतेक लेकरांचे जन्माचे वजन पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत दुप्पट होते.

पण पुढचे काही दिसले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. लेकरू दूध घेईनासे झाले. सारखी उलटी होते. पाण्यासारखी शी वारंवार होते. शीमध्ये रक्त दिसते. टाळू खोल गेली. लंगोट ओले होत नाहीत. तोंड सुजले, दम लागला, झटका आला. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराला ताप आला. यांतले एक जरी दिसले, तरी तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार देण्याची योजना आहे. जाताना डबा आणि त्याचा चमचा दोन्ही बरोबर न्या. डॉक्टरांना माप तपासता येते.

खर्चाचा हिशेब आधी करावा

पातळ दूध देण्यामागे पुष्कळ वेळा चूक नसते, नड असते. डबा महाग, मजुरी थोडी. म्हणून चार चमच्यांचे तीन होतात. तेव्हा डबा सुरू करण्याआधीच हिशेब करावा.

पाच किलो वजनाच्या लेकराला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागते. त्याला १०० ग्रॅमच्या वर पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही जेमतेम पुरतो. महिन्याला आठ-नऊ डबे झाले. एका डब्याची किंमत पाहा आणि तिला नऊने गुणा. येईल तो आकडा दर महिन्याला झेपणार आहे का?

झेपणार नसेल, आणि माय घरात धडधाकट असेल, तर आणखी एक रस्ता आहे. दूध आटले म्हणून ते कायमचे गेले असे नाही. लेकराला दिवसरात्रीत आठ-दहा वेळा अंगावर लावले, तर पुष्कळ बायकांचे दूध पुन्हा येते. लेकरू जितके ओढते, तितके दूध होते. याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर डबा चालू ठेवून हळूहळू कमी करावा. आशाताईच्या मदतीने हे करावे. आपल्या शेजारी अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायांनाच ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवले आहे. अशा शिकलेल्या बाईचा सल्ला दुकानदाराच्या सल्ल्याहून मोलाचा.

माय मजुरीला जात असेल, तर ती स्वच्छ वाटीत दूध पिळून झाकून ठेवू शकते. सावलीत ते तीन-चार तास टिकते. कडक उन्हाळ्यात मात्र त्याहून लवकर पाजावे. मुंबईत शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयात १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू झाली. डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. एका मातेचे जादा दूध दुसऱ्या मातेच्या नाजूक लेकराला तिथे मिळू लागले. मोठमोठे डॉक्टर आईच्या दुधाचा थेंब न् थेंब असा जपतात.

कायदा तुमच्या बाजूला आहे

पूर्वी डब्यांवर गुटगुटीत मुलांची चित्रे असत. ती बघून चांगल्या दूधवाल्या आयाही डब्याकडे वळत. गरीब देशांत यामुळे फार लेकरे दगावली. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने नियमावली केली. आपल्या संसदेने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला.

या कायद्याने लहान लेकरांच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करता येत नाही. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापता येत नाही. आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत. दवाखान्यात डब्यांचे फलक लावता येत नाहीत. मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा कोणी येऊन सांगू लागला, “जुना डबा टाका, हा नवा फुकट घ्या,” तर त्याला विचारा, “कायद्यात बसतं का हे?”

आता डबा वाचा

तुम्हाला आता अक्षरे येतात, आकडे येतात. त्यांचा उपयोग आज घरातच करा. डब्यावरचा मजकूर बारीक असतो. बहुधा तो इंग्रजीत आणि हिंदीत असतो. अडले तर शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बसवा. नवा डबा उघडण्याआधी या पाच गोष्टी शोधा आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

१. डबा कोणत्या वयाचा आहे? आकडा १ की २?

२. एका चमच्याला पाणी किती मिलिलिटर?

३. एका चमच्यात पावडर किती ग्रॅम?

४. मुदत कोणत्या तारखेला संपते?

५. डबा उघडल्यावर किती दिवसांत संपवायचा?

उघडल्याची तारीखही त्याच कागदावर लिहा. कागद चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा. घरात दूध करणारी आजी असो, मावशी असो, थोरली बहीण असो, प्रत्येकीला तो वाचून दाखवा. डबा बदलला की जुना कागद काढा आणि नवा लावा.